बनवरचं टोपरं आणि गोंदियाचं ऊन

घरी वीस-पंचवीस पोरं जेवायला यायची असली की केकचं गणित कोलमडतं. कुणाला फूल हवं, कुणाला नावातलं अक्षर, आणि कापता कापता शेवटच्या चौघांच्या ताटलीत नुसता चुरा. बनचं तसं नाही. एका पोराला एक बन, वर चमचाभर आयसिंग, त्यावर रंगीत दाणे. साधे गोल बन गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, कुठल्याही गावच्या बेकरीत मिळतात आणि वरचं टोपरं घरी चढवता येतं. काम पाऊण तासाचंही नाही. अडतं ते समजुतींपाशी. या समजुती बहुतेक अशा पाककृतींतून आल्यात ज्यांच्या स्वयंपाकघरात वीस-बावीस अंशांचा गारवा गृहीत धरलेला असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जाऊन बसतो आणि श्रावणात साखरेच्या डब्याचं झाकण सैल राहिलं की साखरेचे गोळे होतात. तिकडचं माप इकडे जसंच्या तसं उचललं तर ते फसणारच.

गैरसमज: खरं आयसिंग बटरचं. बाकी सगळी गरिबाची सोय.

वस्तुस्थिती: बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. उन्हाळ्यात दुपारी चारला आमच्या बैठकीत, पंखा चालू असतानाही, त्याहून जास्त उष्णता असते. बटरच्या दुप्पट पिठीसाखर घालून कितीही फेटलं तरी ती साखर लोण्याला धरून ठेवत नाही. मेणबत्ती विझेपर्यंत गुलाबी फूल बनच्या कडेवरून उतरून ताटलीत येतं. मग कुणीतरी डालडा सुचवतं. वनस्पती तुपाचा वितळबिंदू कायद्यानेच ३१ ते ४१ अंशांत ठेवलेला आहे, त्यामुळे ते जरा जास्त वेळ तग धरतं हे खरं. पण जे उन्हात वितळत नाही ते तोंडातही नीट वितळत नाही. टाळूला मेणासारखा थर बसतो. ट्रान्स फॅटचा प्रश्न वेगळाच. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली, म्हणून आजचं वनस्पती पूर्वीपेक्षा बरं म्हणायचं. तरी चवीचं काय?

इथल्या हवेला मानवतं ते साखर-पाण्याचं साधं आयसिंग. त्यात वितळायला काही नसतंच. पंचवीस लहान बनना पाव किलो पिठीसाखर आणि अडीच मोठे चमचे पातळ पदार्थ पुरतो, त्यातला एक चमचा लिंबाचा रस, बाकी कोमट पाणी. हे माप वाचून कुणाचाच विश्वास बसत नाही. शेजारची दहावीतली मुलगी मदतीला येते, ती वाडग्यात बघते. साखर कोरडी, भुरभुरीत, चमचा फिरत नाही. ती हळूच आणखी अर्धी वाटी पाणी ओतते आणि मग हाक येते, "काकू, हे तं वाहूनच राहिलं!"

वाहणारच. साधारण तापमानाला एक भाग पाण्यात जवळपास दोन भाग साखर विरघळते. आपल्याला सगळी साखर विरघळवायचीच नसते. थोड्या साखरेचा दाट पाक व्हावा आणि उरलेले बारीक कण त्यात तरंगत राहावेत, एवढंच हवं असतं. तेच कण पुढे वाळताना एकमेकांना धरतात. म्हणून आधी दोन मिनिटं नुसतं घोटायचं. कोरड्या साखरेचा अचानक चिकट, चकचकीत गोळा होतो आणि चमचा उचलला की त्याची जाड धार पडते. धारेची रेघ वाडग्यात पाच-सहा सेकंद दिसून मग मिटली की आयसिंग तयार. कमी वाटलं तर पाणी थेंबाने वाढवायचं. वाटीने वाढवलं तर पुन्हा शंभर ग्रॅम साखर शोधत फिरावं लागतं.

वाळवताना एक गोष्ट विदर्भातल्या घरांनी लक्षात ठेवायची: कुलर. उन्हाळ्यातली बाहेरची हवा इतकी कोरडी असते की हे आयसिंग तासाभरात वरून कडक व्हायला हवं. पण आपण बन नेमके कुलरच्या झोतात मांडतो. ती ओली हवा, त्यात आयसिंग संध्याकाळपर्यंत चिकटच राहतं आणि पोरांची बोटं, शर्ट, सोफा सगळं गोड होतं. दुसऱ्या खोलीत, पंख्याखाली ठेवा.

गैरसमज: बन गरम असताना आयसिंग घातलं की छान पसरतं.

पसरतं, आणि खालीही उतरतं. बन हाताला पूर्ण गार लागला पाहिजे. गरम बनवर घालायचा तो साखर-दुधाचा हात. भट्टीतून काढल्या काढल्या ब्रशने लावला की वर चकाकी येते. ते काम बेकरीवाला करतो, आयसिंगचं काम त्यानंतरचं.

गैरसमज: मिक्सरमधली पिठीसाखर आणि पाकिटातली आयसिंग शुगर यांत फरक नाही.

वस्तुस्थिती: फरक दोन आहेत. पाकिटातली साखर फार बारीक असते, आणि गोळे होऊ नयेत म्हणून तिच्यात साधारण ३ टक्के कॉर्नफ्लोअर असतं. घरीही हे जमतं. वाटीभर साखरेला मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घालून मिक्सरला लावायचं, धुरळा खाली बसल्यावरच झाकण उघडायचं आणि मग वस्त्रगाळ करायचं. चाळणीवर भागत नाही. चाळणीतून उतरलेले कण डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला मात्र कचकच लागतात. मलमलच्या फडक्यातून गाळलं, वर राहिलेलं पुन्हा फिरवलं की पाकिटाची गरज उरत नाही. तांदळाच्या जिल्ह्यात कॉर्नफ्लोअरऐवजी तांदळाची पिठी का नको, असा प्रश्न हमखास येतो. नको. ती रवाळ लागते आणि कच्ची चव मागे राहते. तांदूळ दुसरीकडे कामाला येतो, ते पुढे सांगते.

गैरसमज: अंड्याच्या पांढऱ्याशिवाय आयसिंग कडक होत नाही.

होतं. वर सांगितलेलं आयसिंग वाळून कडक पापुद्रा धरतं. अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग दगडासारखं घट्ट होतं, त्याची नक्षी, जाळी, कमानी करता येतात. लग्नाच्या मोठ्या केकला ते हवं. पोरांच्या बनला कमानी कशाला? शिवाय कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतूंचा धोका असतो आणि पाहुण्यांत दोन-चार घरं शाकाहारी असतातच.

गैरसमज: साखर पोटात गेली की पोरं चेकाळतात.

हा गैरसमज मोडायला सर्वांत कठीण, कारण प्रत्येक आईने तो "डोळ्यांनी पाहिलेला" असतो. वाढदिवसाला पोरं धावतात, ओरडतात, पडद्याला लोंबकळतात, आणि सगळ्यांच्या तोंडाला गुलाबी साखर लागलेली असते. दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की आपण एकीला कारण ठरवतो.

१९९४ साली अमेरिकेत हूव्हर आणि मिलिच या दोघांनी एक खट्याळ प्रयोग केला. पाच ते सात वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया, अशा आया की ज्यांची खात्री होती, आपल्या मुलाला साखर सोसत नाही. निम्म्या आयांना सांगितलं, मुलाला भरपूर साखर दिली आहे. उरलेल्यांना सांगितलं, साखर नाही. प्रत्यक्षात सगळ्याच मुलांना साखर नसलेलं गोड पेय दिलं होतं. "साखर दिली" असं ऐकलेल्या आयांनी आपली मुलं जास्त चळवळी असल्याचं नोंदवलं. एवढंच नाही, त्या मुलांच्या जास्त जवळ जवळ राहिल्या, जास्त टोकत राहिल्या. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. मुलांच्या वागण्यावर साखरेचा परिणाम होतो असं त्यात आढळलं नाही.

म्हणजे साखर निर्दोष झाली का? दात तिला सोडत नाहीत आणि ती दातांना सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस सांगते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी. दिवसाला १,४०० कॅलरी लागणाऱ्या लहान मुलाला हे सुमारे ३५ ग्रॅम होतं. आपल्या मापाने बनवरच्या टोपऱ्यात साखर दहा ग्रॅम. त्याच ताटलीशेजारच्या ग्लासात २०० मिलिलिटर कोल्ड्रिंक असेल, तर त्यात सुमारे वीस ग्रॅम. आयसिंगकडे डोळे वटारणारी आई ग्लास मात्र दुसऱ्यांदा भरून देते, हे मी बघत आले आहे. पन्हं किंवा ताक ठेवा आणि बनवरचं टोपरं पोरांना सुखाने खाऊ द्या. पन्ह्यात साखर आपल्या हाताची असते, एवढं तरी खरं.

गैरसमज: रंग बाजारातलाच उठतो, घरचा रंग फिका.

आणि त्याचा जुळा भाऊ: बाजारातला रंग म्हणजे विषच.

दोन्ही अर्धे खरे. आपल्या देशात खाण्यासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसीन, पॉन्सो ४आर, एरिथ्रोसीन, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. केक-मिठाईसारख्या पदार्थांत किलोमागे १०० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. शंभर मिलिग्रॅम म्हणजे चिमटीभरही नाही. घरी डबीतून भसकन पडलेला रंग त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. म्हणून रंग आधी चमचाभर पाण्यात कालवायचा आणि काडेपेटीच्या काडीच्या टोकाने, अर्थात गुल नसलेल्या, थेंब थेंब घालायचा. आयसिंग फिकं गुलाबी झालं की थांबायचं.

घातक आहेत ते परवानगीच नसलेले रंग. मेटॅनिल यलो आणि रोडामाइन बी हे कापड-कागद रंगवायचे पदार्थ. २०२४च्या फेब्रुवारीत तमिळनाडू आणि पुदुच्चेरीने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली ती त्यात रोडामाइन सापडल्यामुळेच, आणि मार्चमध्ये कर्नाटकने कृत्रिम रंगाच्या म्हातारीच्या केसांवर तीच पावलं उचलली. आठवडी बाजारात कागदाच्या पुडीत मिळणारा झगझगीत रंग रांगोळीचा आहे, होळीचा आहे की खाण्याचा, हे पुडी सांगत नाही. बंद डबी घ्या. रंगाचं नाव आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक वाचून घ्या.

आणि चेकाळण्याचा थोडाफार संबंध कशाशी जोडायचाच झाला, तर तो साखरेपेक्षा इथे जोडता येईल. २००७ साली इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण दिलेल्या तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांत चंचलता थोडी वाढलेली आढळली. सगळ्या मुलांत सारखी नाही, पण आढळली. २०१० पासून युरोपात त्या अभ्यासातल्या सहा रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते. त्या सहांतले चार आपल्या आठांच्या यादीत आहेत.

आता घरचे रंग. बीट किसून फडक्यात पिळलं की निघणारा चमचाभर रस पाव किलो साखरेला भडक गुलाबी करतो. फिका म्हणणाऱ्याने एकदा करून बघावं. बीटचा रंग उकळला की तपकिरीकडे झुकतो, पण आपलं आयसिंग चुलीवर चढतच नाही. तक्रार असते ती मातकट वासाची. तो वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, पहिल्या पावसानंतर धानाच्या बांध्यांतून येतो तोच. आंबटपणाने तो मोडतो, म्हणून पाण्यातला एक चमचा लिंबाचा ठेवलाय. पिवळ्याला चिमूटभर हळद पुरते. लिंबासोबत ती स्वच्छ पिवळी राहते, सोड्याचा हात लागला तर लालसर होते. निळ्यासाठी कुंपणावरच्या गोकर्णाची फुलं गरम पाण्यात भिजवायची. त्या निळ्या पाण्यात लिंबू पडलं की जांभळा रंग होतो, आणि हा खेळ पोरांसमोर केला तर आयसिंगपेक्षा टाळ्या त्यालाच जास्त मिळतात.

गैरसमज: वरचे रंगीत दाणे, चेरी, टुटी-फ्रुटी हे इंग्रजी प्रकरण. विकतच आणावं लागतं.

वस्तुस्थिती: संक्रांतीचा हलवा आठवा. तीळ मंद शेगडीवर परातीत फिरत असतात, वरून चमचा चमचा पाक पडत असतो आणि हाताखाली दाण्यावर दाणा साखर चढत जाते. घाई केली तर गोटा होतो, धीर धरला तर काटे फुटतात. युरोपात पूर्वी शहाजिरं-धण्यावर साखरेचे थर चढवून मुखवास करत. केकवरचे रंगीत दाणे त्याच घराण्यातले. म्हणजे बोरन्हाणात ज्या पोराच्या डोक्यावर आपण हलवा ओतला, त्याच्या बनवर तो घालायला परदेशी परवानगी लागत नाही. संक्रांतीतला उरलेला हलवा घट्ट बरणीत राहतो. तो जरा ठेचून वापरा. पानठेल्यावरची साखर चढवलेली रंगीत बडीशेपही चालते, फक्त तिथेही रंगाचा वरचा नियम लागू.

टुटी-फ्रुटी म्हणजे कच्ची पपई, दुसरं काही नाही. परसातली हिरवी पपई सोलून, चीक धुऊन, हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. पाच मिनिटं उकळून निथळायचे. मग वजनाइतकी साखर, तेवढंच पाणी, आणि तुकडे काचेसारखे आरपार दिसेपर्यंत मंद आच. पाक एकतारी झाला की उतरवायचं, दोन-तीन वाट्यांत वाटून कोमट झाल्यावर रंग घालायचा. बीटचा रस इथेही गॅस बंद केल्यावरच, नाहीतर गुलाबी जाऊन विटकरी उरतं. रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी गाळून ताटात पसरायचं. मे महिन्यात एका दिवसात तुकडे सुटे होतात, पावसाळ्यात आठवडाभरही होत नाहीत. पावसाळी वाढदिवस असेल त्यांनी उन्हाळ्यातच करून ठेवावी. बेकरीतली लालबुंद चेरी बहुतेक वेळा करवंद असतं, तेही पाकात मुरवलेलं.

चारोळी तर आपल्या जंगलाची. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या रानात एप्रिल-मे महिन्यांत चारं पिकतात, पोरं वरचा गर चोखून खातात आणि आतली बी फोडली की चारोळी. शहरात तिचा भाव ऐकून लोक चिमटीने मोजतात. इथे थोडी सढळ हाताने घालता येते. तेलकट असल्याने ती लवकर खवट होते, तेव्हा आधी एक दाणा चावून बघा, मग मंद भाजा. आणि तांदूळ? तो मुरमुऱ्यांच्या रूपाने. दोन मुठी मुरमुरे कढईत कुरकुरीत करून, हाताने चुरडून, चमचाभर कोको आणि पिठीसाखरेत घोळवले की ओल्या आयसिंगवर असे बसतात की विकतच्या चॉकलेटी दाण्यांची आठवण येत नाही. बन वाढायच्या अर्धा तास आधी घालायचे. सकाळी घातले तर संध्याकाळी मऊ पडतात.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यायचा. चार-पाच वर्षांखालच्या पोरांच्या बनवर अख्खा शेंगदाणा, काजू, कडक हलवा नको. हसता-धावता दाणा श्वासनलिकेत जातो. त्यांच्यासाठी कूट करा, किंवा मुरमुऱ्यांवर भागवा.

गैरसमज: साखरेऐवजी गूळ-मध घातला की आयसिंग पौष्टिक होतं.

गुळातही मुख्यतः साखरच असते. लोह, खनिजं असतात, पण एका बनवर बसेल एवढ्या गुळातून मिळणारं लोह हिशेबात धरण्याजोगं नाही. गूळ चवीसाठी घाला, छानच लागतो. फक्त त्यातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे गुळाचं आयसिंग कडक वाळत नाही. तूप-गुळाचा पाक करून मुरमुऱ्यांवर आणि मग बनवर, अशी वाट काढावी. मधाबद्दल मात्र ठाम राहायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरही देऊ नये. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्याला ते आवरत नाहीत. पहिल्या वाढदिवसाला पाळण्यातली धाकटी पाहुणी मंडळीही असतात, आणि कुणीतरी मावशी प्रेमाने बोट पुढे करतेच.

गैरसमज: सगळं करून फ्रीजमध्ये ठेवलं की काळजी मिटली.

वस्तुस्थिती: पाव-बन फ्रीजमध्ये लवकर शिळे होतात. त्यातला स्टार्च थंडाव्यात, गोठण्याच्या जरा वरच्या तापमानाला, सर्वांत वेगाने घट्ट होतो. आयसिंगचंही भलं होत नाही. थंड बन बाहेर काढला की दमट हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं, साखर घाम सोडते आणि रंगीत दाण्यांचे ओघळ येतात. साखर-पाण्याच्या आयसिंगला फ्रीज लागतच नाही. साखर पाणी इतकं धरून ठेवते की जंतूंच्या वाट्याला ते येत नाही, लोणच्याच्या खाराचं तेच.

साय किंवा क्रीम असेल तर नियम उलटतात. छोट्या डब्यातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. फेटून उभं राहायला तो तीस-पस्तीसच्या पुढे हवा आणि भांडंही बर्फासारखं गार हवं. घरची म्हशीच्या दुधाची साय आमच्या उन्हाळ्यात फेटायला घेतली तर आयसिंग बाजूला राहतं आणि लोणी निघतं. त्यापेक्षा चक्का घ्या. रात्री टांगलेलं दही, सकाळी पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून काढलं की श्रीखंडच ते. त्याचा घट्टपणा दुधातल्या प्रथिनांचा असतो, तुपाचा नसतो, म्हणून ते बटरसारखं वितळून वाहत नाही. बनवर चमच्याने गोळा ठेवा, वर चारोळी.

पण चक्का असो की क्रीम, बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात संपायला हवं. हाताला कापलेलं असेल, सर्दी असेल, तर या कामाला दुसऱ्याला बसवा. स्टॅफिलोकॉकस जंतू हातावर-नाकात राहतात, दुधाळ गोडात भराभर वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून बन डब्यात बाहेर, चक्का फ्रीजमध्ये, आणि दोघांची गाठ पाहुणे आल्यावर. दुपारी लाइन जाऊन दोन-तीन तास आली नाही, तर चक्क्याचा बेत सोडून द्यायचा. पाव किलो साखर आणि एक लिंबू घरात असतंच.